वारं अंगावरून गेलं

कन्याकुमारी जिल्हा,
९ जून २०२४

मामा,

नमस्कार करते, पण वाकून नाही. वाकलं की बरगडीत कळ येते. का येते ते विचारू नका, सांगायचं तेव्हा सांगेन.

आजकाल पत्र कोण लिहितं, असं म्हणून तुम्ही हसाल. पण फोन केला की तुम्ही ‘कोन? कोन बोलतंय?’ एवढंच ओरडता आणि ठेवून देता. मोबाईलवरचं अक्षर मुंगीएवढं दिसतं म्हणता. शिलाई मशीनच्या खडखडाटाने तुमचे कान गेले असं आई एकदा शेजारच्या फोनवरून चोरून म्हणाली; घरचा फोन तात्यांच्याच खिशात. मग राहिलं पोस्ट. मंचरच्या हायवेवर तुमचं ताडपत्रीचं दुकान पोस्टमनला सापडणार नाही असं होणार नाही. अर्ध्या तालुक्याच्या कांद्याच्या गाड्या तिथेच तर उभ्या असतात.

मी पोचले, समुद्र बघितला. मामा, येडगावच्या धरणात मी आठ वर्षं फळीवर उभी राहून शीड धरलं. वाऱ्याने ओढायचं, आपण तोल सांभाळायचा, एवढाच खेळ. मला वाटायचं, पाणी मला कळतं. काही कळत नाही. आपल्या धरणात पडलं की पाणी बाजूला सरकून जागा देतं. इथलं पाणी मारतं. पहिल्याच दिवशी लाटेने मला उचलून आपटलं, वरून शिडाची काठी डोक्यात घातली आणि मग शीडच अंगावर टाकून पाण्याखाली दाबून धरलं. वर आले तेव्हा नाकातोंडातून वाळू येत होती आणि मला एकदम घरची आठवण झाली. तात्यांचा क्रम हाच असायचा. उचलायचं, आपटायचं, आणि आपण तोंडातून आवाज काढायचा नाही.

आता कामाचं. शिबिरात आम्ही सहा जणी आहोत. तीन ऑगस्टला लाटांवरची चाचणी आहे, तीतून दोघी देशाकडून खेळायला जातील. संस्था प्रत्येकीला एकच नवं शीड देणार. एकतीस जुलैपर्यंत त्यावर पक्क्या शाईने नाव घालायचं, मग बदल नाही. माझ्यापुढे दोन शिडं आहेत. एक सव्वापाच चौरस मीटरचं, आत पाच पट्ट्या, पोट खोल. वारा पडला तरी ते ओढत राहतं. दुसरं साडेचारचं. पट्ट्या चारच, अंगाने सपाट, कापडात जाड दोऱ्यांची जाळी. लाटेवरून उतरताना मागचा हात सैल केला की हे शीड रिकामं होतं. वारा त्यातून निघून जातो आणि पुढे लाटच आपल्याला नेते. कोच म्हणतात, लाटेवर शिडाने ओढायचं नसतं, गप्प राहायचं असतं.

मी धरणावरच्या सगळ्या शर्यती मोठ्या शिडावर जिंकले. लहान शीड घ्यायचं म्हणजे मला हरल्यासारखं वाटतं. पण चुकीचं शीड घेतलं तर इथे हाडं मोडतात.

तुम्हाला कापड कळतं. मार्चमध्ये बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे बसायचं सोडून मी पाण्यात गेले, म्हणून तात्यांनी माझं शीड कोयत्याने उभं-आडवं फाडलं. दुसऱ्या दिवशी घर सोडून मी ते फाटकं शीड तुमच्या दुकानात आणून टाकलं. तुम्ही एक शब्द न विचारता ताडपत्रीच्या दोऱ्याने शिवून दिलंत, चहा पाजलात आणि पुण्याच्या गाडीत बसवलंत. तो दोरा अजून सुटलेला नाही. म्हणून तुम्हालाच विचारते. मोठं की लहान?

आणि घरी वारं कसं आहे? अंगणात मोटारसायकलचा आवाज आला की आई म्हणायची, ‘वारं सुटलंय गं,’ आणि आम्ही भांडीसुद्धा हळू ठेवायचो. अजून सुटतं का?

तुमची भाची,
इंद्रायणी


मंचर,
१७ जून २०२४

इंदे,

आशीर्वाद, तुझ्या बरगडीलाही. पत्र देताना पोस्टमन म्हणाला, “भिमाजीभाऊ, कोर्टाचं दिसतंय.” म्हटलं, “भाचीचं हाय. कोर्टापेक्षा कडक.”

कानाचं म्हणशील तर उजवा मशीनने तीस वर्षांत कुरतडून खाल्ला आणि डावा त्याच्या सोबतीला गेला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. उलट बरं आहे. गिऱ्हाईक भाव कमी करायला लागलं की मला काहीच ऐकू येत नाही.

आता तुझ्या शिडाचं. मी समुद्र एकदाच बघितलाय, अलिबागला, तोही चप्पल हातात धरून. पण वारा मला रोज भेटतो. ताडपत्री फार ताणून बांधली तर रिंगा उपटतात, सैल सोडली तर फडफडून चिंध्या होतात. गाडी हायवेला लागली की वारा कुठल्या तरी कोपऱ्यातून बोट घालतोच. गेल्या महिन्यात नाशिककडे निघालेल्या एका गाडीची ताडपत्री सुटली आणि तिची लोखंडी रिंग मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर बसली. दोन दात रस्त्यावर. कारण काय, तर मापाला कापड कमी घेतलं होतं. तेव्हा माझं मत विचारशील तर मोठं घे. अपुऱ्या कापडाने कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

रविवारी तुझं पत्र घेऊन येडगावला गेलो आणि ताईला ओसरीवर वाचून दाखवलं. दाजी आत टीव्ही लावून बसले होते. मी वाचायला लागलो तशी ताईने मला खूण केली. आतला आवाज बारीक झाला होता. समुद्र मारतो इथपर्यंत वाचलं. पुढची दोन वाक्यं गाळली, पण ताईला गाळलेलं बरोबर कळलं. ती पदराने डोळे पुसत म्हणाली, “तिला लिव्ह, पान्यात जाऊ नको म्हनावं. आन जायाचंच आसंल तर जेवून जा.”

वारं विचारलंस. सुटलेलंच आहे. परवा पाण्याच्या पाळीवरून शेजारच्या हौशीरामाच्या अंगावर फावडं घेऊन धावले. माणसं मध्ये पडली म्हणून त्याचं डोकं वाचलं, नाही तर आज ताई माझ्याबरोबर पोलीस ठाण्याच्या बाकावर असती. तुझं नाव निघालं की ताट भिंतीवर जातं. तू तिकडेच राहा आणि घराची चिंता करू नकोस, ती करायला मी आहे.

तुझा मामा,
भिमाजी


कन्याकुमारी जिल्हा,
२५ जून २०२४

मामा,

तुमचं ‘मोठं घे’ ज्या दिवशी वाचलं त्याच दिवशी स्नेहल मोडली.

स्नेहल मालवणची, माझ्या खोलीतली. समुद्राशेजारी जन्मलेली, म्हणून आम्हा सगळ्यांत धीट. ती सव्वापाच घेऊन आत गेली. वारा असा होता की किनाऱ्यावर उभं राहिलं तरी वाळू पिंढऱ्यांना टोचत होती, आणि मागच्या पवनचक्क्या बंद करून ठेवल्या होत्या. तिने लाट पकडली. लाट तिच्यामागे उभी राहिली, दीड माणूस उंच. तिथे शीड रिकामं करायचं असतं. तिने ते धरून ठेवलं. शिडाच्या पोटात वारा भरलेला, त्याने तिला फळीसकट पुढे उपटून फेकलं आणि लाट तिच्यावर कोसळली. काठी मोडल्याचा आवाज आम्हाला किनाऱ्यावर आला. हातातली दांडी जबड्यावर बसली. आम्ही तिला बाहेर ओढलं तेव्हा गळ्याजवळचं हाड कातडी फाडून वर आलं होतं. मामा, ती रडत नव्हती. वाळूवर बसली होती आणि दुसऱ्या हाताने ती दांडी अजून घट्ट धरून होती. आम्हाला तिची बोटं एकेक करून उघडावी लागली.

तेव्हा लहान घ्यावं असं तुम्ही म्हणाल. थांबा. माझी बरगडी लहान शिडानेच गेली. आल्यानंतर तिसऱ्या दिवशी साडेचार घेऊन गेले. लाटा फुटतात तिथे ऐन वेळी वारा पडला. लहान शिडात ओढायची ताकद नाही. मी रस्त्यात बंद पडलेल्या गाडीसारखी जागच्या जागी उभी राहिले आणि समोरून लाट येताना बघत राहिले. तिने मला फळीवर आपटलं, फळीची कड बरगडीत गेली. हाड तडकलंय. डॉक्टरांनी पट्टा दिलाय. आईला यातलं काही वाचून दाखवू नका.

म्हणजे मोठं घेतलं तर वारा मारतो, लहान घेतलं तर लाट मारते. कुणाच्या हातचा मार खायचा एवढंच मला ठरवायचंय.

मला चीड येते ती याचीच. मार खाताना कसं वागायचं, हा प्रश्न मी लहानपणापासून सोडवतेय. मी धरून राहायचे. दात आवळायचे, तात्यांच्या डोळ्यांत बघायचे, मग ते आणखी मारायचे. आई सोडून द्यायची. ती खाली बघायची आणि भाकरी थापत राहायची. शेवटी आई मुकी झाली आणि मी घर सोडलं. आमच्यातलं बरोबर कोण ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि इथे कोच मला शीड ठरवायला सांगतात!

वारं निवलं का?

इंदू


मंचर,
६ जुलै २०२४

इंदे,

तुझं पत्र मी एकट्यानेच वाचलं. स्नेहलची बोटं उघडली ते वाचून मशीन बंद केलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. ‘मोठं घे’ हे माझं वाक्य परत घेतो. मी रस्त्यावरच्या वाऱ्याचा जाणकार, पाण्यावरच्या वाऱ्याचं मला काय कळतं!

म्हणून शिकायला गेलो. मागच्या आठवड्यात भातलावणीच्या ताडपत्र्या पोचवायला घाटघरला गेलो होतो. तिथला सावळेराम माझं जुनं गिऱ्हाईक. त्याला म्हटलं, मला नाणेघाटाच्या तोंडाशी ने, वारा तपासायचाय. तो म्हणाला, “पावनं, घरी काय भांडन झालंय का?” तरी घेऊन गेला. मी बरोबर सहा बाय चारची ताडपत्री घेतली होती. कोकणातून वर येणारा वारा त्या तोंडाशी असा आदळतो की कड्यावरून खाली पडणारं पाणी उलटं वर उडतं. मी दोन्ही हातांनी ताडपत्री धरली आणि उघडली. पुढचं मला सांगता येणार नाही. मी हवेत होतो एवढं आठवतं. मग दगडावर होतो. कोपर सोललं, गुडघा फुटला, कपाळातून रक्त डोळ्यात. ताडपत्री बहुतेक आता घाटाच्या वर फिरत असेल. सावळेरामने माझ्या कमरेला मिठी मारून मला खाली दाबलं म्हणून आज पत्र लिहितोय.

तो स्वतः मात्र पाठीवर इरलं घेऊन उभाच होता. हल्ली सगळे प्लास्टिकचा कागद पांघरतात, पण तो अजून बांबूचं आणि पानांचं इरलंच घेऊन लावणी करतो. एवढं मोठं सुपासारखं पाठीवर, आणि वारा त्याला हलवत नव्हता. मी विचारलं, हे कसं? तो माझ्या उजव्या कानात ओरडला, “आडवं धरायचं न्हाई भाऊ. वारं आलं की कडंनं फिरवायचं. धरून बी ठिवायचं न्हाई, आन टाकून बी द्यायचं न्हाई. टाकलं तर भिजशीला!”

यातून मोठं घ्यायचं की लहान ते मला कळलं नाही. तुला कळलं तर बघ.

एक लिहायचं राहिलं. दाजींच्या अंगावरून वारं गेलं. मागच्या शनिवारी सकाळी. आता घर शांत आहे. तू तिकडचं काम नीट कर, मध्येच उठून यायचं काही कारण नाही. ताईनेही हेच सांगितलंय.

मामा


कन्याकुमारी जिल्हा,
१४ जुलै २०२४

मामा,

तुमच्या पत्राची शेवटची ओळ मी किती वेळा वाचली सांगू? स्नेहलला आमच्या घरातल्या वाऱ्याचा अर्थ समजावून सांगितला तेव्हा तिने चांगल्या हाताने माझी पाठ थोपटली. वारं गेलं! तेवीस वर्षं मी हे वाक्य ऐकायची वाट बघत होते. सकाळी एकदा ओरडून नेहमीसारखं गेलं नाही ना? कायमचं गेलं ना? ‘घर शांत आहे’ हे तुम्ही लिहिलंय, आणि तुम्ही खोटं लिहिणार नाही. कशाने गेलं? देवाला गेले होते, की हौशीरामच्या प्रकरणाने भानावर आले? सविस्तर लिहा.

मला हलकं वाटतंय आणि हात शिवशिवतायत. इतके दिवस मी लहान शिडाचा विचार भीतीपोटी करत होते. आता कशाला भिऊ? मी सव्वापाच घेणार. त्यावर पेन्सिलीने नाव घालून आले, एकतीसला शाईने घालीन. स्नेहलला ते पेललं नाही, मी धरून दाखवीन. तात्यांपुढे मी धरून राहिले आणि शेवटी तेच निवले की नाही?

सोबत तात्यांसाठी वेगळा कागद आहे. जसाच्या तसा वाचून दाखवा. या वेळी वाक्यं गाळायची नाहीत. तुम्हाला माझी शपथ.

इंदू

(सोबतचा कागद)

तात्या,

मामा म्हणतात वारं गेलं. चांगलं झालं. आता ऐकून घ्यायला तुम्हाला वेळ असेल.

मी नववीत असताना तुम्ही मला मोटारीच्या वायरने मारलंत. ते वळ अजून आहेत, इथे पोहायचे कपडे घातले की दिसतात आणि मुली विचारतात. मी सांगते, बिबट्याने ओरबाडलं. जुन्नरची म्हटल्यावर त्यांना ते खरं वाटतं. आईचं मनगट तुम्ही दोनदा मोडलंत. माझं शीड कोयत्याने फाडलंत तेव्हा मला वाटलं होतं, यापेक्षा मला फाडलं असतं तर बरं.

घरी यायला मी तयार आहे. एकच अट. ज्या हाताने कोयता चालवलात त्याच हाताने दोन शब्द लिहा, ‘इंदे, चुकलं.’ दुसऱ्या कुणाच्या अक्षरातलं मी वाचणार नाही. त्या हाताला एकदा चांगल्या कामाला लावा. तोवर मी उंबरा ओलांडणार नाही.

इंद्रायणी


मंचर,
२४ जुलै २०२४

इंदे,

हे पत्र बसून वाच.

मी खोटं लिहिलं नव्हतं, पण खरंही लिहिलं नव्हतं. शनिवारी, एकोणतीस जूनला, दाजी मोटर चालू करायला विहिरीवर गेले आणि पेटीपाशीच कोसळले. अंगावरून वारं गेलं, म्हणजे आपल्याकडे ज्याला वारं जाणं म्हणतात ते. अर्धांग. उजवी बाजू गेली. उजवा पाय फरपटतो, तोंड वाकडं झालंय, बोलतात ते निम्मं कळतं. उजवा हात पूर्ण गेला.

ताईने माझ्याकडून भंडारा उचलून घेतला होता की चाचणी होईपर्यंत इंदूला कळू द्यायचं नाही. न कळवणं मला जमेना आणि शपथ मोडवेना. वारं गेलं म्हणजे काय ते तुला ठाऊक होतं. पण तुमच्या घरात वाऱ्याचा दुसराच अर्थ चालतो, तेही मला ठाऊक होतं. त्या दोन अर्थांच्या फटीत मी लपून बसलो. तू इतकी आनंदशील असं वाटलं नव्हतं. तुझं पत्र वाचून मी स्वतःच्या तोंडात मारून घेतलं.

तुझा कागद वाचायचा नाही असं ठरवलं होतं. पण तू शपथ घातली होतीस, आणि येडगावला गेलो तर दाजींनी माझ्या खिशाकडे बोट केलं. पाकीट त्यांना दिसलं होतं. मी वाचायला लागलो. वायरपाशी ताई मध्ये पडली, “बास कर रं भिमा, माणूस मरंल!” दाजींनी डाव्या हाताने शेजारचा पितळी तांब्या उचलून तिच्या रोखाने भिरकावला. लागला नाही. ताकद नव्हती, राग मात्र सगळा होता. मला म्हणाले, “वाच.” एवढं स्पष्ट आलं. मी शेवटपर्यंत वाचलं. त्या हाताने लिहा, इथपर्यंत. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. तो मांडीवर मूठ मिटून पडला होता.

मग त्यांनी कागद मागितला. तीन दिवस डाव्या हाताने गिरवत होते. सात कागद फाडले, दोन पेनं भिंतीवर फोडली, ताईला शिव्या दिल्या. चौथ्या दिवशी मला बोलावून घडी दिली. आत काय आहे ते मी वाचलेलं नाही. ते तुमचं आहे.

दवाखान्यात सांगितलंय की त्या मुठीची बोटं रोज एकेक करून उघडायची, नाही तर हात तसाच आखडून जाईल. ताईला ते जमत नाही. मेलेला हात, पण तो हातात घेतला की ती अजून डोकं मागे घेते.

एकतीसच्या आत पोचावं म्हणून स्पीडपोस्टने पाठवतोय.

मामा

(सोबतची घडी. अक्षर मोठं, वाकडं, ओळी एकमेकींवर चढलेल्या.)

इंदे

तो हात मेला. हा डावा आहे. याच्यावर भागव.

चुकलं.

मामाचा कान मी फोडला. तू गेलीस त्या दिवशी. कुठं गेली सांगेना. दुकानात चार माणसांत मारलं. रक्त आलं. त्यानं तुला सांगितलं नसंल.

तुजं पयलं पत्र आयकलं. आतून.

शीड ल्हान घे. मोठं घेऊ नको. मोठं वारं हातात आसलं की बरं वाटतं. लोक भितात. मंग सोडता येत न्हाई. मला सोडता आलं न्हाई.

तात्या


कन्याकुमारी जिल्हा,
५ ऑगस्ट २०२४

तात्या,

हे पत्र तुमच्या नावाने आहे, पण वाचणार मामाच. मामा, मोठ्याने वाचा आणि काही गाळू नका.

तुमची घडी तीस तारखेला मिळाली. ‘चुकलं’ वाचून मला रडू आलं नाही. पुढच्या ओळी वाचल्या, मामाच्या कानापर्यंत आले, आणि खोलीतली पाण्याची बादली मी लाथेने उडवली. ती भिंतीवर जाऊन फुटली. मग खुर्ची उचलली. तेव्हा स्नेहल दिसली. खांद्याला पट्टा बांधून ती खाटेवर बसली होती, आणि माझ्याकडे बघत भिंतीला सरकत होती. चांगला हात तिने तोंडापुढे धरला होता. आई धरायची तसाच. मला ते बघून इतकी लाज वाटली की खुर्ची खाली कशी ठेवली ते आठवत नाही. पाणी पुसलं, तिचे पाय धरले. मग शेडमध्ये गेले, सव्वापाचावरचं नाव खोडलं आणि साडेचारवर शाईने लिहून आले. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही. तुमचं वारं माझ्यात आहे हे मी त्या दिवशी पाहिलं म्हणून.

तीन तारखेला समुद्र पिसाळला होता. पहिल्या लाटेने फळी हिसकावून घेतली आणि मला वाळूत घासत नेलं, गुडघ्यापासून खाली कातडी राहिली नाही. पुन्हा आत गेले. दुसरी लाट मागे उभी राहिली तेव्हा सगळं अंग सांगत होतं, धर. मागचा हात सैल केला. शीड गप्प झालं. एवढ्या गदारोळात ते हातात नुसतं उभं होतं. मी लाटेच्या अंगावरून खाली आले, तळाशी वळले, मागचा हात ओढला आणि शीड पुन्हा भरलं. त्याने मला परत लाटेच्या माथ्यावर नेलं. सावळेरामचं इरलं मला तिथे कळलं, मामा. सोडून देणं म्हणजे टाकून देणं नाही, हे मला आईबद्दलही आधी कळायला हवं होतं. अशा तीन लाटा घेतल्या. चौथीने मला खडकावर घातलं, भुवई फुटली, चार टाके आहेत. माझी निवड झाली. दुसरी पुदुच्चेरीची आहे.

तात्या, तुमचं ‘चुकलं’ मी जपून ठेवलंय. पण माझे दोन्ही हात चालतात, तरी ‘माफ केलं’ हे मला लिहवत नाही. लिहवेल का, ते आज सांगता येत नाही. डाव्या हाताने का होईना, तुम्ही लिहिलंत, तेव्हा मी उंबरा ओलांडणार.

रविवारी येते. आधी मंचरला उतरेन. मामाचा डावा कान मला बघायचाय आणि त्यांच्याशी भांडायचंय, त्यांना ऐकू येवो न येवो. मग येडगावला. अंगणात मोटारसायकल वाजणार नाही, माझ्याच चपलांचा आवाज येईल. आईने ‘वारं सुटलंय’ म्हटलं तर मी उंबऱ्यावरच थांबेन, ती आत बोलावीपर्यंत.

तुमच्या मुठीची बोटं मी उघडीन. आईने त्या हाताला हात लावायचा नाही. मला ते काम येतं, स्नेहलची मीच उघडली. एकेक, करंगळीपासून. तुम्हाला दुखेल, तुम्ही शिव्या द्याल, डाव्या हाताने तांब्या फेकाल. मी जोर करणार नाही, पण हातही सोडणार नाही. त्या हाताला मी लहानपणापासून ओळखते, पण तो मारल्याशिवाय माझ्या अंगाला कधी लागलेला नाही. एकदा नुसता धरून बघायचाय.

आईला सांगा, जेवायला माझ्यासाठी थांबा. दुपारी दोनपर्यंत पोचते.

इंद्रायणी